ओठ आणि चेहऱ्यावरचे कोरडे चट्टे, नक्की कुठला बाम घ्यावा?

मोगरा_मुलुंड

नमस्कार मंडळी, प्रश्न साधाच वाटेल पण मी खरंच वैतागलेय म्हणून विचारते. माझे ओठ बारा महिने फुटलेले असतात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत कोरडं वारं सुटलं की मुंबईत सगळ्यांचेच उलतात, पण माझी मे महिन्यात बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना पण सालपटं निघतात. ऑफिस लोअर परळला, दिवसभर एसी आणि त्याचा झोत नेमका माझ्या टेबलावर, जागा बदलून मागितली तर मिळत नाही. पर्समध्ये तीन बाम आहेत, एक पुदिन्याचा थंडगार, एक स्ट्रॉबेरीचा, एक मधाचा. लावला की थोडा वेळ बरं वाटतं मग परत ओढल्यासारखं होतं, मग परत लावा, आणि मीटिंगमध्ये बसल्या बसल्या ओठांवरून जीभ फिरतेच.

दुसरं म्हणजे नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर लालसर कोरडे चट्टे आलेत, त्यातून कोंड्यासारखं निघतं. स्टेशनजवळच्या केमिस्टने एक ट्यूब दिली, चिठ्ठीबिठ्ठी काही मागितली नाही. लावली की दोन दिवसांत चेहरा एकदम साफ, थांबवली की चट्टे परत हजर आणि आधीपेक्षा लाल.

आणि लेक पहिलीत आहे, तिच्या गालांवर पांढुरके गोल डाग आलेत, खाजत वगैरे नाहीत. सासूबाई म्हणतायत जंत झालेत, शेजारच्या काकू म्हणतात कॅल्शियम कमी आहे.

तर असा एखादा साधा बाम आहे का जो माझ्या ओठांना, चेहऱ्याला आणि लेकीलाही चालेल? फार महागातलं नको. अनुभव असेल तरच सांगा प्लीज, जाहिरातींचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय.

कोकणातली_मी

मोगरा, मुठेल लावून बघ. कोकमाच्या बियांचं तेल गं, तेल म्हणायचं पण असतं घट्ट. आमच्याकडे वेंगुर्ल्याला आमसुलं घालून झाली की बिया कोणी टाकत नाही, वाळवून फोडतात, आतला गर वाटून पाण्यात उकळायला ठेवतात, मग वर जे तेल तरंगतं ते काढून घ्यायचं आणि गार होत आलं की मुठीत दाबून त्याचा गोळा करायचा. पांढुरका-पिवळसर गोळा, कडक इतका की नखाने खरवडावा लागतो, त्यावर बोटांचे ठसे तसेच उमटलेले असतात आणि वास म्हणशील तर जवळजवळ नाहीच. आजी चुलीच्या धगीला धरायची, वरचा थर जरा पाझरला की बोटावर घेऊन आधी टाचांच्या भेगांत आणि मग सगळ्या पोरांच्या ओठांना. भात लावायच्या दिवसांत बायका पायाला हेच चोळून चिखलात उतरायच्या.

मी इथे गोरेगावात चमचा जरा गरम करते आणि गोळ्यावर टेकवते, लागेल तेवढंच वितळतं. रात्री झोपताना लावलं तर सकाळपर्यंत ओठांवर असतं. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस डिग्रीला पातळ होतं म्हणजे मुंबईत ते जवळजवळ वर्षभर पाणीच, ओठांवर टिकणार कसं? मुठेल वितळायला साधारण चाळीस डिग्री लागतात म्हणून ते बसून राहतं. आणि त्यात काही घातलेलं नसतं, ना रंग ना वास, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

औषधवाला_दादर

ताई, बामचं नंतर बोलू, आधी ती ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. लेबलवर लाल उभी रेघ आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना पण असेल. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत टाकली ती याचसाठी, कारण लोकं ती कोल्ड क्रीमसारखी वापरायला लागली होती. मी स्वतः काउंटरवर उभा असतो म्हणून सांगतो, दोन दिवसांत साफ आणि थांबवलं की दुप्पट, हे वाक्य मी रोज ऐकतो. स्टिरॉइडने लाली दबते, मूळ कारण तसंच राहतं, आणि तोंडाभोवती बरेच दिवस लावलं तर त्याचीच वेगळी पुरळ उठते. नायटा असेल तर तो आतून पसरत जातो आणि वरून ओळखू पण येत नाही. त्यामुळे ती ट्यूब सोबत घेऊन स्किनच्या डॉक्टरला दाखवा आणि कशी बंद करायची ते त्यांनाच विचारा, कारण बरेच दिवस लावलेली एकदम सोडली की काही दिवस चेहरा जास्त भडकतो, मग माणूस घाबरून परत तीच लावतो.

आता ओठ. ओठांच्या लाल भागाला अंगाच्या बाकीच्या कातडीसारख्या तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नसतात, वरचा थर पण अगदी पातळ, म्हणून आतलं पाणी तिथून भराभर उडतं. बाममध्ये तीन प्रकारच्या गोष्टी असतात, पाणी ओढून धरणाऱ्या म्हणजे ग्लिसरीन, हायलुरॉनिक अॅसिड, मध, दुसऱ्या भेगा भरून मऊ करणाऱ्या म्हणजे शिया बटर, कोको बटर, कोकम वगैरे, आणि तिसऱ्या वरून झाकण घालणाऱ्या म्हणजे पेट्रोलियम जेली, मेण, लॅनोलिन. तुमच्यासारखं दिवसभर एसीत बसणाऱ्याने नुसतं ग्लिसरीन किंवा मध लावला तर तो पाणी ओढतो खरा पण वर झाकण नसल्यामुळे ते पाणी हवेत जातं आणि ओठ आधीपेक्षा ओढतात. झाकण हवंच.

आणि झाकण म्हणून साध्या पेट्रोलियम जेलीला तोड नाही, १८७२ साली अमेरिकेत पेटंट झालेली वस्तू आहे आणि आजही स्किनचे डॉक्टर तीच लिहून देतात. आमच्याकडे व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आयपी असं विचारलं तरी मिळते, बिनवासाची, बिनरंगाची, किंमत तुमच्या स्ट्रॉबेरीवाल्यापेक्षा कमीच. लोकं विचारतात की ही तर पेट्रोलची, कॅन्सर नाही ना होणार, तर औषधाच्या दर्जाची जेली व्यवस्थित शुद्ध केलेली असते, तान्ह्या बाळाला लंगोटाखालच्या कातडीवर लावतात तीच.

तुमच्या तीन बामांमधला पुदिन्याचा आज बंद करा. मेंथॉल, कापूर, निलगिरी, दालचिनी, सॅलिसिलिक अॅसिड हे सगळं फुटलेल्या ओठांना चिडवतं. गार वाटतं ते मेंथॉलने नसा चाळवतात म्हणून, त्याचा ओलाव्याशी काही संबंध नाही. स्ट्रॉबेरीच्या चवीने जीभ फिरते, लाळ सुकताना ओठाचं पाणी घेऊन जाते आणि लाळेत अन्न पचवणारे घटक असतात ते कातडीला झोंबतात. हर्बल लिहिलंय म्हणून सौम्य असंही समजू नका, पुदिना आणि दालचिनी पण झाडपाल्याच्याच आहेत. लेबल वाचायची साधी रीत सांगतो, जे पहिलं लिहिलंय ते सगळ्यात जास्त. पहिल्या दोन-तीन नावांत जेली, मेण, बटर असेल आणि शेवटी फ्रॅग्रन्स किंवा फ्लेवर नसेल तर बिनधास्त घ्या. अनसेंटेडवर मात्र विसंबू नका, त्यात वास दाबायला दुसरा वास घातलेला असू शकतो, फ्रॅग्रन्स फ्री शोधा.

आणि @कोकणातली_मी, मुठेल चांगलंच आहे, ओठांना आणि टाचांना मीही सांगतो. पण ताईंच्या नाकाच्या बाजूच्या चट्ट्यांवर नको. कोंड्यासारखं निघतंय म्हणजे तो डोक्यातल्या कोंड्याचाच भाऊबंद, सेबोऱ्हिक डर्मटायटिस असू शकतो, आणि त्यातली यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी तेलांवर पोसते, खोबरेल, कोकम, तूप सगळ्यांवर. तिथे तेल चोळलं की चट्टा वाढतो. ते डॉक्टरने बघून ठरवू दे.

लोकलवाली_आर्या

दादांनी सगळं सांगितलंच आहे मी फक्त रोजच्या वापराचं सांगते कारण मी पण विरार ते चर्चगेट करते. डबीवाला बाम पर्समध्ये ठेवू नकोस, लोकलचा दांडा धरलेलं बोट त्यात घालायचं आणि तेच ओठांना, नको गं. पिळायची ट्यूब घे. स्टिक मेणाची असेल तर ठीक पण मे महिन्यात बटर जास्त असलेली स्टिक टोपणातच बसते, सगळ्या पर्सला लागते.

दिवसा एसपीएफवाला म्हणजे सनस्क्रीन असलेला बाम घे, निदान ३०. खालचा ओठ वर वळलेला असतो त्यामुळे ऊन थेट त्यावर पडतं आणि ओठांत मेलॅनिन म्हणजे उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्य कमी असतं, हे कोणी लक्षातच घेत नाही, तोंडाला सनस्क्रीन आणि ओठ उघडे. फक्त सध्या ओठांना चिरा असतील तर आधी साध्या जेलीने भरू दे, सनस्क्रीनवाले बाम उघड्या चिरेवर चरचरतात.

आणि मॅट लिपस्टिक लावत असशील तर सध्या बंद कर खरंच, लांब टिकणाऱ्या लिपस्टिक ओठ कोरडे करतात, वर ती काढताना आपण घासतो. सालपटं ओढून काढायची नाहीत, साखरेने स्क्रब पण नाही, उललेल्या ओठांवर साखर घासायची कल्पना कोणाला सुचली माहीत नाही. रात्री जाड थर जेली, सकाळी ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसायचं, जे सुटायचं ते सुटतं.

दोन_पिल्लांची_आई

मोगरा तुझ्या लेकीचं वाचून राहवलं नाही. माझ्या मोठ्याला अगदी हेच झालं होतं, गालांवर पुसट पांढुरके डाग, हात फिरवला की किंचित खरखरीत. घरात जंताचं औषध झालं, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, आणि माझ्या सासरी तर कोणीतरी कोड आहे का असं पण पुटपुटलं, त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी केईएमला स्किनच्या ओपीडीत घेऊन गेले, सकाळी लवकर केस पेपर काढला, रांग मोठी असते पण डॉक्टरनी नीट बघितलं. खोली अंधारी करून एक जांभळट दिवा धरला गालावर, वुड्स लॅम्प म्हणतात त्याला, कोडाचा डाग त्यात झगझगीत पांढरा उठून दिसतो, याचा तसा दिसला नाही. पिटिरियासिस अल्बा म्हणाले, कोरड्या त्वचेच्या मुलांना होतो, सौम्य एक्झिमाच म्हणजे इसबच एक प्रकारचा, जंतांशी आणि कॅल्शियमशी संबंध नाही. आजूबाजूची कातडी उन्हाने काळवंडते आणि तेवढी जागा काळवंडत नाही म्हणून डाग जास्त दिसतो, त्यामुळे मैदानावर खेळून आला की वाढल्यासारखा वाटतो.

उपाय म्हणजे बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा, उन्हात जाताना सनस्क्रीन आणि धीर. जायला बरेच महिने लागतात, आधी खरखर जाते मग हळूहळू रंग भरतो. आमचे गेले पूर्ण. पण तू दाखवून घेच, मी सांगितलं म्हणून ठरवू नकोस, आणि तुझी ती ट्यूब चुकूनही तिच्या गालाला लावू नकोस.

अंघोळीचं पण सांगते, पाणी कोमट, आणि पाण्यात अँटिसेप्टिक लिक्विड घालायची सवय असेल तर थांबव, कोरड्या त्वचेला तो रोजचा मार असतो. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग अजून ओलसर असतानाच क्रीम लावायचं, बाथरूमच्या बाहेर येऊन कपडे, वेणी, डबा सगळं आटपून मग लावलं तर पाणी उडून गेलेलं असतं, क्रीम मग धरून काय ठेवणार.

मोगरा_मुलुंड

खूप खूप आभार सगळ्यांचे, इतकं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. दादा, ट्यूब बघितली, बेटामेथासोन आहे आणि लाल रेघ पण आहे. शनिवारी स्किनवाल्या डॉक्टरची वेळ घेतलीय, लेकीला पण नेते. अजून दोन गोष्टी. एक, माझी जिवणी पण सारखी फाटते, उजवीकडची, आ केला की चिरते, तिथे पण जेलीच का? आणि दोन, आम्ही शाकाहारी आहोत, लॅनोलिन म्हणजे काय असतं? घरात बोरोलीन असतं ते ओठांना चालेल का?

औषधवाला_दादर

लॅनोलिन मेंढीच्या लोकरीचं मेण, मेंढी कापत नाहीत, कातरलेली लोकर धुऊन निघतं. चालवून घ्यायचं की नाही ते तुमचं. ओठांना उत्तम बसतं पण काही जणांना त्याची अॅलर्जी असते, तेव्हा आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस बघा. मधमाशीचं मेण पण नको असेल तर कँडेलिला किंवा कार्नोबा मेणाचे बाम येतात, ती झाडांची मेणं आहेत.

बोरोलीन १९२९ पासूनचं कोलकात्याचं, त्यात बोरिक अॅसिड, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन आहे, वासही आहे. टाचा, कोपरं, हाताच्या भेगा यांना वापरा. ओठांवरचं दिवसभरात पोटात जातं, म्हणून ओठांना रोजच्या रोज मी तरी नाही सांगणार. कोपरांवरूनच आठवलं, तिथली कातडी फारच जाड झाली असेल तर दहा टक्के युरियाचं क्रीम चांगलं, पण ते ओठांना, चिरांना किंवा लेकीच्या गालांना लावू नका, सणसणून झोंबतं.

जिवणीचं वेगळं आहे. तिथे लाळ साचते आणि बऱ्याचदा कँडिडाची बुरशी नाहीतर जंतू बसतात, मग नुसत्या बामने आज बरं उद्या परत चिरलं असं चालू राहतं. जेलीने लाळेपासून आडोसा मिळतो तेवढाच. शनिवारी डॉक्टरना ती पण दाखवा आणि शाकाहारी आहात तर लोह आणि बी १२ तपासायचं का हे नक्की विचारा, या दोन्हींच्या कमतरतेत जिवणी फाटते. टूथपेस्ट कुठली वापरता? फार फेसाची, दालचिनीची किंवा तिखट पुदिन्याची असेल तर महिनाभर साधी वापरून बघा. कधीकधी बाम बदलून बदलून दमलेल्या माणसाचे ओठ पेस्ट बदलल्यावर सुधारतात. पण सगळं एकदम बदलू नका, एक बदला, थोडे दिवस थांबा, मग दुसरं, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यात ओठ फुटतातच.

लोकलवाली_आर्या

@कोकणातली_मी मुठेल मुंबईत कुठे मिळतं? आईच्या टाचांना हवंय.

कोकणातली_मी

दादर, लालबाग, गिरगाव, जिथे कोकणी मालाची दुकानं आहेत तिथे आमसुलं, कुळीथ पिठाच्या शेजारी विचार, काही जण कोकम तेल म्हणतात. मालवणी जत्रा भरतात तिथेही बचत गटाच्या बायका घेऊन येतात. घेताना नख मारून बघ, कडकच हवं, लोण्यासारखं मऊ लागलं तर मी घेत नाही. खवट वास आला तरी नको. आणि नाकाच्या चट्ट्यांचं दादा म्हणाले ते मला माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत.

गिरगावकर_राजू

धागा वाचतोय म्हणून मध्येच विचारतो. वडिलांच्या खालच्या ओठाला आतून-बाहेरून एक पांढरट कोरडा चट्टा आहे, सालपट निघतं पण भरत नाही, पावसाळ्याच्या आधीपासून आहे. दुखत नाही म्हणतात. तंबाखू चुना त्याच बाजूला ठेवतात, बरीच वर्षं. त्यांना जेली बरी का मुठेल?

औषधवाला_दादर

राजू, दोन्ही नको. बामच नको. तंबाखू ज्या जागी ठेवतात तिथेच चट्टा आणि इतके महिने भरत नाही, हे या आठवड्यात डॉक्टरला दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबू नका, असे चट्टे सुरुवातीला दुखतच नाहीत. प्रत्येक चट्टा कॅन्सरचा नसतो, पण त्यातले काही पुढे त्या वाटेने जातात आणि लवकर कळलं तर उपचार सोपा असतो. तोंडातली कुठलीही जखम किंवा पांढरा, लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवायचाच, तंबाखू खाणाऱ्याने तर नक्कीच.

तुम्हाला गिरगावातून जवळ म्हणजे सीएसएमटीला सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज, नाहीतर मुंबई सेंट्रलला नायर डेंटल. सकाळच्या ओपीडीत जा, ओठाचा आणि तोंडाच्या आतला भाग दोन्ही नीट बघायला सांगा, त्यांना गरज वाटली तर छोटा तुकडा तपासायला घेतील, त्याला घाबरू नका.

गिरगावकर_राजू

ते डॉक्टरकडे यायलाच तयार नसतात हो, काय सांगून नेऊ?

दोन_पिल्लांची_आई

दात दाखवायला म्हणून ने रे. डेंटल कॉलेजच आहे, खोटं पण होणार नाही. माझ्या सासऱ्यांना आम्ही असंच नेलं होतं, खुर्चीत बसल्यावर डॉक्टरनीच तंबाखूचा विषय काढला, आमच्यापेक्षा त्यांचं ऐकलं.

गिरगावकर_राजू

हे जमेल. त्यांची एक दाढ हलतेय तसंही. सोमवारी रजा टाकतो, नायरला नेतो.